धबधबा खाली, कातळ वर

खारघरचा पांडवकडा जुलैत कोसळायला लागला की तिथे जायला बहुतेक वर्षी बंदी असते, आणि ती पाळावी, कारण त्या पाण्यात माणसं वाहून गेलेली आहेत. पण पुढचा प्रयोग करायला धबधब्यापाशी जावं लागत नाही. फोनवर कुठल्याही धबधब्याचा व्हिडिओ लावा. कॅमेरा हलता नको आणि पाणी सलग वरून खाली पडणारं हवं, एवढंच बघा. पाण्यामधला एखादा दगड निवडा आणि पाऊण-एक मिनिट नजर त्याच्यावरच ठेवा. बहुतेकांचे डोळे नकळत पाण्यामागे खाली घसरतात. ते घसरू द्यायचे नाहीत. मग व्हिडिओ पॉज करा आणि बघत राहा.

थांबलेलं चित्र वर सरकायला लागतं. पाणी आणि त्यातला दगड, दोन्ही. काही सेकंदांत ओसरतं. बहुतेक जण इथे "भारी आहे" म्हणून फोन बाजूला ठेवतात. तुम्ही परत एकदा करा, आणि या वेळी एकाच दगडाच्या वरच्या कडेवर लक्ष ठेवा. दगड वर चाललाय हे अगदी स्वच्छ दिसतं. पण तो वर पोचत मात्र नाही. स्क्रीनवर जिथे होता तिथेच असतो, आणि तरीही चाललेला असतो. शाळेतल्या भौतिकशास्त्रात हे बसत नाही. वेग म्हणजे जागेतला बदल भागिले वेळ. जागा बदललीच नाही तर वेग आला कुठून?

या एका भ्रमाचा पाठलाग करताना दृष्टीच्या अभ्यासातल्या जवळजवळ सगळ्या पद्धती वापरून झाल्या आहेत, घरबसल्या करायच्या प्रयोगापासून कोट्यवधींच्या यंत्रापर्यंत. म्हणून मेंदूच्या त्या लाल-पिवळ्या रंगीत चित्रांपासून सुरुवात न करता इथून करतोय. ती चित्रं येतील, पण त्यांची पाळी आल्यावर.

वाहत्या नदीकडे बघून झाल्यावर स्थिर वस्तूही हलताना दिसतात, असं ॲरिस्टॉटलने स्वप्नांवरच्या लेखनात लिहून ठेवलंय. धबधब्याची नोंद मात्र १८३४ मधली. रॉबर्ट ॲडम्स नावाचे गृहस्थ स्कॉटलंडमध्ये लॉख नेसजवळचा फॉयर्सचा धबधबा बघायला गेले. पाण्याकडे थोडा वेळ एकटक बघून त्यांनी शेजारच्या कातळावर नजर टाकली, तर कातळ पाण्याच्याच वेगाने वर चाललेला. त्यांनी कारणही दिलं: पाण्याचा पाठलाग करून डोळ्यांच्या स्नायूंना खाली सरकायचा नाद लागतो, पाणी समोर नसलं तरी डोळे आपले घसरत राहतात, आणि त्यामुळे जग वर गेल्यासारखं दिसतं. पटण्यासारखं आहे, पण चूक आहे.

चूक कशी, हे बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी १८४९ मध्ये दाखवलेल्या एका तबकडीवरून कळतं. तबकडीवर गोगलगायीच्या शंखासारखी वळत जाणारी रेघ काढायची आणि तबकडी फिरवायची. रेघ सगळीकडून आत आत ओढली जाताना दिसते. मग तबकडी थांबवायची. आता ती बाहेर फुगताना दिसते, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, एकाच वेळी. डोळा एका क्षणी एकाच दिशेला सरकू शकतो. चारही दिशांना एकदम सरकणारा डोळा देवाने कुणाला दिलेला नाही. तेव्हा स्नायूंचं कारण बाद. एक तबकडी आणि थोडा तर्क, बाकी काही लागलं नाही.

आता पुढचा प्रश्न: हे डोळ्यात घडतं की मेंदूत? याचं बरंचसं उत्तर तुम्हीच काढू शकता. डावा डोळा तळहाताने झाका आणि एकट्या उजव्या डोळ्याने धबधबा बघा. व्हिडिओ पॉज केल्यावर लगेच हात बदला, म्हणजे उजवा झाका आणि डावा उघडा. ज्या डोळ्याने पाणी पाहिलंच नाही, त्यालाही दगड वर जाताना दिसतो. जोर जरा कमी असतो, पण दिसतो. डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूच्या मागच्या भागापर्यंत दोन्ही डोळ्यांचे संदेश वेगवेगळ्या तंतूंवरून, एकमेकांत न मिसळता जातात. ते पहिल्यांदा नीट एकत्र येतात ते डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या सालीत, म्हणजे त्याच्या वरच्या सुरकुतलेल्या थरात. म्हणजे भ्रमाचा निदान काही भाग तिथे किंवा तिथून पुढे घडत असला पाहिजे. जोर कमी का होतो, तर बाकीचा भाग त्याआधी, जिथे डोळे अजून वेगळे आहेत तिथे घडत असणार.

एखादा खवचट वाचक म्हणेल, झाकला म्हणून काय झालं, उजवा डोळा हाताआडूनही मेंदूला काहीबाही पाठवत असेलच की! अगदी बरोबर शंका आहे, आणि ती होरेस बार्लो आणि जाइल्स ब्रिंडली यांनाही आली. १९६३ मध्ये त्यांनी धबधब्यासारखी गती पाहिलेला डोळा बाहेरून इतका दाबला की त्या डोळ्याला दिसणंच तात्पुरतं बंद झालं. तरी दुसऱ्या डोळ्याला भ्रम दिसला. हे मात्र घरी करून बघू नका.

इथवर कुणाच्या डोक्याला एक तारसुद्धा चिकटवलेली नाही. माणसाला काय दाखवलं आणि त्याला काय दिसलं, याची काटेकोर सांगड घालून आतल्या यंत्रणेबद्दल बोलायचं, या पद्धतीला सायकोफिजिक्स म्हणतात. गुस्ताव फेश्नर यांनी १८६० मध्ये तिचा पाया घातला. तिच्यातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे भ्रम मोजायची. "कितपत हललं?" असं विचारून काही हाती लागत नाही, कुणी म्हणेल बऱ्यापैकी, कुणी म्हणेल थोडंसं. त्याऐवजी भ्रम चालू असताना स्क्रीनवर ठिपके दाखवायचे आणि ते खरोखरीच हळूहळू खाली सरकवायचे. किती वेगाने सरकवले की ते त्या माणसाला थांबलेले दिसतात? तो वेग म्हणजे भ्रमाचं माप. कुणाच्या मनातल्या अनुभवाला असा आकडा मिळतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून फेरी मारून आलो होतो.

पेशींपर्यंत जायला वेगळं हत्यार लागतं. मांजरीच्या दृष्टीच्या सालीत केसापेक्षा बारीक तार घालून एकेका पेशीचे विद्युत ठोके ऐकायचं काम डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल करत होते. पेशींना ते काचपट्टीवरचे ठिपके दाखवत. पेशी ढिम्म. एकदा काचपट्टी यंत्रात सरकवताना स्पीकरमधून मशीनगनसारखा आवाज सुटला. ठिपक्याचा काही संबंध नव्हता. काचेच्या कडेची जी फिकट सावली पडद्यावरून सरकत गेली, तिच्यावर ती पेशी खूश झाली होती. या पेशींना विशिष्ट कलाची रेघ लागते, आणि त्यांतल्या अनेकींना ती विशिष्ट दिशेनेच सरकलेली लागते. खाली जाणारी रेघ चालेल, वर जाणारी नाही. पहिला शोधनिबंध १९५९ चा, नोबेल १९८१ चं.

दिशा ओळखणारी पेशी हाती आल्यावर धबधब्याचा खुलासा जवळ आला. बार्लो यांनीच, याही वेळी १९६३ मध्येच, रिचर्ड हिल यांच्यासोबत सशाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी तपासल्या. सशाला दिशा ओळखणाऱ्या पेशी डोळ्यातच असतात. पेशीच्या आवडत्या दिशेने गती दाखवत राहिलं की तिचा उत्साह हळूहळू उतरतो, आणि गती थांबवल्यावर ती काही वेळ नेहमीच्या शांत अवस्थेपेक्षाही शांत होते. आता वर आणि खाली या दोन गटांची रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. स्थिर दगड बघताना दोन्ही गट थोडे थोडे ओढत असतात, दोरी मधोमध राहते आणि आपण म्हणतो दगड थांबलाय. एक मिनिटभर धबधबा पाहिल्यावर खालचा गट ढिला पडलेला असतो. वरच्याने काही जादा जोर लावलेला नसतो, तरी दोरी वर सरकते.

हा खुलासा पुस्तकात सापडतो आणि बहुतेक ठिकाणी तिथेच संपतो. पण "पेशी थकली" म्हणणं जरा सोयीचं आहे. समजा, धबधबा पाहून झाल्यावर तुम्ही लगेच डोळे मिटले आणि भ्रम एरवी जितका टिकला असता त्याहून जास्त वेळ मिटून ठेवले. पेशीला एव्हाना विश्रांती मिळालेली आहे, भ्रम संपायला हवा. तो संपत नाही. डोळे उघडून दगडाकडे बघितलं की पुन्हा दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही गोष्ट माहीत आहे. नुसता थकवा असता तर काळ गेला की उतरला असता. त्यापेक्षा असं दिसतं की बराच वेळ सगळं खालीच जातंय म्हटल्यावर मेंदू आपला शून्याचा काटा तिकडे सरकवतो, आणि नवं काही बघायला मिळाल्याशिवाय तो परत आणत नाही.

आता ती रंगीत चित्रं.

ठाण्यात किंवा वाशीत गुडघ्याचा एमआरआय काढून घेतला असेल तर ते यंत्र तुमच्या ओळखीचं आहे. तोच बोगदा, तोच खडखडाट, आत जाण्याआधी खिशातली नाणी आणि मंगळसूत्र काढून ठेवायचा तोच आग्रह. एफएमआरआय म्हणजे त्याच यंत्रावर वेगळ्या पद्धतीने घेतलेली मेंदूची चित्रं. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल बसवतात, तिच्यावर तिरपा आरसा असतो आणि त्यात पायांकडच्या किंवा डोक्यामागच्या पडद्याचं प्रतिबिंब दिसतं. यंत्र पेशींचे ठोके मोजत नाही, रक्त मोजतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं, प्राणवायू असलेलं रक्त जास्त येतं, आणि प्राणवायू असलेल्या व नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये हा फरक वापरता येतो हे दाखवलं. त्याची किंमत अशी की रक्त सावकाश येतं, पेशींच्या हालचालीनंतर पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतं. आणि चित्रातला एकेक ठोकळा साधारण दोन-तीन मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्यात कित्येक लाख पेशी मावतात. वर जाणारी पसंत असलेल्या आणि खाली जाणारी पसंत असलेल्या, दोन्ही एकाच ठोकळ्यात. क्षणाक्षणाचा हिशोब हवा असेल तर डोक्यावर तारा लावून ईईजी काढतात, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. त्यात वेळ मिलिसेकंदांपर्यंत कळते, पण जागा अंदाजानेच.

कानाच्या मागे, थोडं वर, मेंदूच्या सालीत एमटी नावाचा भाग आहे. गती दिसली की तो जागा होतो. १९९५ मध्ये रॉजर टूटेल आणि सहकाऱ्यांनी लोकांना यंत्रात घालून बाहेर फुगत जाणारी वर्तुळं दाखवली आणि मग ती थांबवली. वर्तुळं थांबली तरी एमटीमधली हालचाल लगेच खाली आली नाही. भ्रम ओसरत गेला तशी सावकाश उतरली. आधी वर्तुळं आळीपाळीने आत-बाहेर जाणारी दाखवली, म्हणजे भ्रम होणारच नाही अशी, तर हालचाल चटकन उतरली. भ्रमाचं मेंदूतलं ठिकाण सापडलं! पाठ्यपुस्तकांत गेलं.

सहा वर्षांनी अलेक्झांडर हक, डेव्हिड रेस आणि डेव्हिड हीगर यांनी एक साधा प्रश्न विचारला. थांबलेली वर्तुळं फुगताना दिसणं ही गमतीची गोष्ट आहे. माणूस साहजिकच तिकडे जास्त लक्ष देतो. भ्रम नसेल तर थांबलेल्या वर्तुळांकडे कोण बघतंय? आणि लक्ष दिलं की एमटीमधली हालचाल वाढते, हे आधीच माहीत होतं. मग मोजलं ते भ्रमाला की लक्षाला? त्यांनी दोन्ही वेळा लोकांना अवघड काम दिलं, जेणेकरून लक्ष दोन्हीकडे सारखंच खर्च होईल. एमटीमधली ती जादाची हालचाल नाहीशी झाली.

या संपूर्ण विषयातला हा माझा सगळ्यात आवडता शोधनिबंध आहे, कारण ते एवढ्यावर थांबले नाहीत. रस्सीखेचीचा खुलासा खरा असेल तर काय दिसायला हवं, असा त्यांनी उलटा विचार केला. एका दिशेची गती बराच वेळ दाखवल्यावर त्याच दिशेच्या गतीला मिळणारा प्रतिसाद विरुद्ध दिशेच्या प्रतिसादापेक्षा कमी हवा. लक्ष सारखं ठेवून त्यांनी ते तपासलं आणि ते तसंच निघालं. म्हणजे सिद्धान्त टिकला, आधीचा पुरावा मात्र गेला. वर्तमानपत्रात "शास्त्रज्ञांना मेंदूत अमुकतमुकचं केंद्र सापडलं" अशी बातमी आली की मी पहिल्यांदा हेच शोधतो: तुलना कशाशी केली, आणि त्या दोन अवस्थांत आणखी काय काय वेगळं होतं?

दुसरा घोटाळा आकडेमोडीचा. एका चित्रात हजारो ठोकळे असतात. समजा ५०,००० आहेत, आणि प्रत्येकाची वेगळी चाचणी घेऊन हजारात एक चूक चालेल असं ठरवलं, तर काहीच घडत नसतानाही ५० ठोकळे "जागे" दिसतील. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये बाजारातला मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाला काय वाटतंय ते ओळखायला सांगितलं. इतक्या चाचण्या एकदम घेतल्याची दुरुस्ती न केलेल्या गणितात माशाच्या मेंदूत ठिपके उजळले. दुरुस्ती केल्यावर विझले. २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

लक्ष सांभाळलं, गणित सांभाळलं, तरी एक अडचण राहतेच. एमटी जागा होतो आणि गती दिसते, या दोन गोष्टी सोबत घडतात. एकीमुळे दुसरी घडते हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवायचं तर एमटीला हात लावून बघायला हवं. १९९० मध्ये सी. डॅनियल साल्झमन, केनेथ ब्रिटन आणि विल्यम न्यूसम यांनी माकडांना गोंधळलेल्या ठिपक्यांची दिशा नजरेने सांगायला शिकवलं, आणि एमटीमधल्या एका दिशेच्या पेशींच्या पुंजक्यात हलकासा विद्युतप्रवाह सोडला. माकडांचं उत्तर त्या दिशेला झुकलं. माणसांत अशी तार घालता येत नाही, पण डोक्यावर बाहेरून चुंबकीय ठोके देऊन सालीतला तेवढा भाग क्षणभर विस्कटता येतो. याला टीएमएस म्हणतात, १९८५ पासून वापरात आहे. धबधबा पाहून डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या एमटीवर असे ठोके दिले, तर नंतर डोळे उघडल्यावर भ्रम लवकर ओसरतो. जपून ठेवलेला काटा तिथे होता, असं त्यावरून म्हणता येतं.

आणि मग म्यूनिकची ती बाई. वैद्यकीय लेखनात तिला एल. एम. म्हणतात. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग निकामी झाला. योझेफ त्सील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तिची हकिगत प्रसिद्ध केली. तिला रंग दिसत, चेहरे ओळखता येत, वस्तू कुठे आहे ते कळे. गती तेवढी दिसत नसे. कपात चहा ओतायला घेतला की धार गोठल्यासारखी दिसे आणि कप भरत चाललाय हे कळत नसे. खोलीत माणसं चालत नसत. आत्ता इथे असत आणि मग एकदम तिथे. रस्ता ओलांडताना गाडी लांब दिसे, आणि पाऊल टाकायला जावं तर अगदी जवळ आलेली असे. गाडी कुठे आहे हे तिला कधीही सांगता येई. ती येतेय हे दिसत नव्हतं.

तिच्याकडे जागा होती आणि गती नव्हती. तुमच्या फोनवरच्या दगडाकडे गती आहे आणि जागेतला बदल नाही. दोन्ही शेजारी ठेवलं की वेग कुठून आला या प्रश्नाची अडचणच उरत नाही. मेंदू जागांची वजाबाकी करून वेग काढतच नाही. गती तो रंगासारखी, थेट, वेगळ्या पेशींकडून वाचतो. आणि जागा वेगळीकडे. एरवी दोन्ही उत्तरं जुळतात म्हणून आपल्याला हे कळत नाही.

ठाणे स्टेशनात शेजारच्या रुळावरची लोकल सुटते आणि आपलीच सुटली असं वाटतं, ते मात्र वेगळं प्रकरण आहे. लोक त्याची गल्लत करतात. तिथे कुठल्याच पेशी ढिल्या पडलेल्या नसतात. खिडकीभर पसरलेलं दृश्य एकदम सरकलं की मेंदू धरून चालतो की आपणच हललो, कारण झाडं-डोंगर कधी एकदम पळत नाहीत. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा साक्ष द्यायला कमी पडते, कारण ती वेगातला बदल ओळखते, एकसारखा वेग नाही, आणि लोकल हळूच सुटते. १९९८ मध्ये थॉमस ब्रांट आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारी आणखी एक पद्धत) असं पाहिलं की या भ्रमात दृष्टीचे भाग जागे होतात तेव्हा तोलाचे भाग मंदावतात.

धबधब्याचं खरं भावंड भेटतं ते कळंबोलीला. पुण्याहून एक्सप्रेसवेने तास-दीड तास शंभरच्या आसपास गाडी चालवत आलात की सततच्या वेगाची नजरेला सवय झालेली असते. खाली उतरून साठवर आलात तरी गाडी रांगतेय असं वाटतं, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक उशिरा लागतो. तिथे स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका, काट्याकडे बघा. ब्रिटनमध्ये जी. जी. डेंटन यांनी १९७० च्या दशकात या सवयीवर उपाय काढला. मोठ्या रस्त्यावरून गोल चौकाकडे येणाऱ्या गाड्यांसाठी त्यांनी रस्त्यावर आडव्या पिवळ्या रेघा मारायला लावल्या, आणि चौक जवळ येईल तसं दोन रेघांमधलं अंतर कमी कमी ठेवलं. गाडी एकाच वेगात असली तरी रेघा जास्त जास्त वेगाने मागे जाताना दिसतात, चालकाला वाटतं आपण पळतोय, आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. एडिनबराजवळच्या न्यूब्रिज चौकात त्या रेघा आल्यावर अपघात कमी झाले.